सोन्याच्या दोन काचा आणि कुंकवाचा कण

आमच्या अंधेरीच्या लॅबमध्ये दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची. हसू नका. ज्या खोलीत आम्ही डोक्याला टोपी आणि हातात ग्लोव्हज घालून वावरायचो, तिथे वर्षातून एकदा झेंडूची माळ यायची, आणि ती घाटकोपर स्टेशनबाहेर घासाघीस करून मीच आणायचे. पूजा मात्र मॅडम करायच्या. मॅडम म्हणजे माझ्या पीएचडीच्या गाइड. त्यांचे यजमान गेल्यापासून सोसायटीतल्या बायकांनी त्यांना हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं होतं. चांगल्या शिकल्यासवरल्या बायका हं! म्हणून लॅबमध्ये आम्ही करंडा त्यांच्याच हातात द्यायचो. त्या दिवशी त्या ठेवणीतली साडी नेसून यायच्या.

माझा प्रयोग सांगायला सोपा, करायला जीवघेणा. सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन काचा, मधली हवा काढून टाकलेली, एक काच गरम, एक थंड. चकचकीत धातू एरवी आपली उष्णता सहजासहजी बाहेर सोडत नाही. पण गरम धातूच्या अंगाला चिकटून थोडी धग असते. ती लांब जात नाही. दुसरा धातू केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या अंतरावर आणला, की ती न शिवता पलीकडे जाते. ती मोजायची. काचा एकमेकींना टेकल्या की वाट लागली. अहो, मेट्रो गेली तरी आमचे आकडे थरथरायचे.

पीएचडीची वाढवून मिळालेली मुदतही संपत आली होती. "पुरे गं आता, नोकरी बघ," आईचं पालुपद चालू होतं. आणि दसऱ्यानंतर एका दुपारी आकडा आला. झकास आकडा! उष्णता भरभरून पलीकडे जात होती. काचा टेकल्यात का ते बघायला वीज सोडून पाहिली, तर वीज जात नव्हती. म्हणजे टेकलेल्या नाहीत. मी लॅबभर पेढे वाटले.

मॅडमनी पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "आता काचा जरा लांब कर बघू."

उष्णता कमी व्हायला हवी होती. ढिम्म. पुन्हा केलं, पुन्हा ढिम्म.

काचा काढून मायक्रोस्कोपखाली धरल्या. कडेला एक लाल कण चेपून बसला होता. कुंकू! पूजेत यंत्राच्या झाकणाच्या कडेला लावलेलं, झाकण उघडताना आत सांडलेलं. त्यातून वीज जात नाही, उष्णता मात्र जाते, आणि काचा जरा लांब केल्या तरी तो कण दोन्हींना टेकलेलाच. माझा सगळा आकडा त्या कणाचा होता.

मला रडू आलं. आधी थेसिससाठी, मग मॅडमसाठी. कुंकू लावणारं बोट कोणाचं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. "धूळ होती म्हणून सांग ना यार," शेजारच्या टेबलावरची मैत्रीण कुजबुजली. मी तेच सांगणार होते. पण मॅडम आल्या, मला बाजूला सारून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"कुंकू आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचं." मग सरळ उभ्या राहिल्या. "पुढच्या वर्षीपासून आत हे बंद."

मुदत वाढवून देणाऱ्या समितीसमोर माझी धडगत नव्हती. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "निकाल चुकलाय. चूक हिची नाही, माझी. पूजा मी केली."

एक सर हसले. "कुंकू, तेही तुम्ही?"

"हो, मीच," मॅडम म्हणाल्या. "हिला अजून एक वर्ष हवंय."

वर्ष मिळालं. एवढ्या मोठ्या बाईने माझ्यासाठी चारचौघांत ते ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "काचा धुवायला घे आधी."

धुतल्या, पुन्हा बसवल्या, मेट्रोला शिव्या घातल्या. आणि पुढच्या पावसाळ्यात ते झालं. काचा जवळ आणल्या की उष्णता वाढायची, लांब नेल्या की उतरायची, अगदी गणितात होती तशी. मॅडमनी मला पुन्हा पुन्हा करायला लावलं आणि मग स्वतः पेढे आणायला गेल्या.

त्या दसऱ्याला लॅबमध्ये कोणी पूजेचं नाव काढलं नाही. मॅडम साध्या कुर्त्यात आल्या. मी झेंडूची माळ लॅबच्या बंद दाराला बाहेरून बांधून ठेवली होती. पर्समधून करंडा काढून त्यांच्यापुढे धरला.

"बंद म्हटलं होतं ना मी?"

"आत बंद, मॅडम. हे बाहेर आहे. दाराला लावा, आणि मग मला."

त्यांनी करंडा हातात घेतला. "अगं, तुझ्या आईला चालेल का?"

"करंडा तिनेच दिलाय."

त्यांनी आधी दाराला लावलं, मग मला; कुंकू जरा वाकडंच लागलं. मी ते पुसलं नाही. आणि कपाळाला कुंकू घेऊन आत कशी जाणार? म्हणून त्या दिवशी मी दिवसभर लॅबच्या बाहेरच बसून राहिले.