एक्सल साहेबांचे बूट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात एखाद्या डब्यात उरलेले नट-बोल्ट साचत जातात ना, तसे ते साचतात. कोणत्या गाडीचे, कधी काढलेले, सांगता येत नाही. पण फेकवतही नाहीत. माझ्या डब्यात सगळ्यात जास्त माल एकाच गाडीचा आहे!

गडचिरोली तेव्हा नवा नवा जिल्हा झाला होता. चामोर्शीच्या पुढं, जंगलाच्या तोंडाशी एका संस्थेचा छोटासा दवाखाना होता. तिथं मी मेकॅनिक. परदेशातल्या कुण्या भल्या माणसांनी दवाखान्याला एक जुनी गाडी भेट दिली होती. चौकोनी, पत्र्याची, चारही चाकांना जोर असलेली. नाल्यात घाला, चिखलात घाला, बाहेर निघायचीच. लोक तिला 'म्हैस' म्हणायचे.

म्हशीचं दुखणं एकच. मागच्या एक्सलचा, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दांड्याचा, सांधा जिथं हलतो, तिथं दोन्ही बाजूंना रबराची घड्याघड्यांची टोपणं होती. आतलं ऑइल आत राहावं आणि चिखल बाहेर, म्हणून. त्यांना आम्ही बूट म्हणायचो. रबर म्हातारं झालेलं. बूट सारखे फाटायचे, आणि नवे कुठंच मिळायचे नाहीत!

*

डॉक्टर बाई पुण्याहून नव्यानंच आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांना एका गावी जायचं होतं. पिशवी घेऊन तयार. आमचे ड्रायव्हर उद्धवभाऊ दारात येऊन उभे राहिले. वयानं वडीलधारे, बोलायला मोजके.

"बाई, आज जाता येत नाई."

"का हो?"

"बूट फाटले."

बाईंनी खाली पाहिलं. उद्धवभाऊंच्या पायात धड चपला होत्या.

"मग चपलेवर चला ना! काय फरक पडतो?"

"माह्ये नाई, बाई. तिचे फाटले. तिले चालवत नाई."

"कोणाला?"

"म्हशीले."

बाईंनी उद्धवभाऊंना नीट निरखून पाहिलं. मग सिस्टरकडं वळून हळूच म्हणाल्या, "यांचा ताप बघा जरा."

*

संस्थेचं मोठं स्टोअर चंद्रपूरला. मी रीतसर मागणी लिहिली: 'मागील एक्सलकरिता रबरी बूट, नग दोन.'

महिन्याभरानं पार्सल आलं. सगळे गोळा झाले. मी सुतळी कापली, खोका उघडला. आत गुडघ्यापर्यंतचे काळे कुळकुळीत गमबूट! नऊ नंबरचे! सोबत चिठ्ठी: 'श्री. एक्सल यांना माप न झाल्यास बदलून मिळेल.'

आमच्याकडं अधूनमधून परदेशी पाहुणे यायचे, त्यातलाच एखादा एक्सल असेल असं त्यांना वाटलं असणार. मी बूट परत पाठवले. सोबत एक्सलचं चित्र काढलं, बाण दाखवले, खाली लिहिलं, 'एक्सल हा माणूस नाही.'

पंधरा दिवसांनी उत्तर आलं: 'श्री. एक्सल यांच्या वागणुकीबाबत तक्रार असल्यास वेगळा अर्ज करावा.'

*

शेवटी चामोर्शीचा बाजार गाठला. तिथं आठवड्याला किसनकाका जोडे शिवायला बसायचे. हात असा, की त्यांनी शिवलेला जोडा फाटण्याआधी माणूस थकायचा. मी फाटका बूट त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, आत हात घालून दुसरीकडून बाहेर काढला.

"मिस्त्री, याची टाच कुठी हाये?"

"टाच नाई, काका. एकीकडून दांडा आत जाते, दुसरीकडून बाहेर निघते."

"मंग जोडा काऊन म्हणून राह्यले? बाही म्हणा ना."

म्हटलं, काही म्हणा, पण चामड्याचा शिवून द्या. ते मान हलवून म्हणाले, "पाय पाह्यल्याशिवाय मी शिवत नाई."

दुसऱ्या दिवशी सायकल मारत दवाखान्यात हजर! धोतर खोचून म्हशीखाली शिरले. दोऱ्यानं माप घेतलं. डाव्याचं वेगळं, उजव्याचं वेगळं. मी म्हटलं, दोन्ही सारखेच आहेत. खालून आवाज आला, "कोणाचेच दोन पाय सारखे नसते."

आठ दिवसांत बूट तयार. जाड चामडं, दुहेरी टाका, एका बाजूनं उघडे. त्यामुळं चाक न काढता एक्सलवर गुंडाळायचे आणि लेस ओढून आवळायचे. आत ऑइल भरलं. दोन दिवस गाडी चिखलात फिरवली. थेंबभर पाझरलं असेल, तेवढंच. मी तर नाचायचाच बाकी होतो!

पुढच्या बाजारी म्हैस उभी होती. बायका भाजी घेत होत्या, माणसं गप्पा मारत होती. किसनकाका दुकान सोडून आले, सगळ्यांदेखत तिच्याखाली वाकले आणि काळजीनं विचारलं, "चावत तं नाई ना?"

*

उद्धवभाऊंना त्या बुटांचा भारी अभिमान. चंद्रपूरहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते, त्या सकाळी उद्धवभाऊ पॉलिशची डबी आणि ब्रश घेऊन गाडीखाली आडवे! साहेब आले. वाकून पाहतात तर गाडी काचेपर्यंत चिखलानं माखलेली, आणि खाली दोन बूट आरशासारखे चमकताहेत.

"अहो, बाकीची गाडी कोण धुणार?"

उद्धवभाऊ शांतपणे म्हणाले, "साहेब, गाडी परदेशाची हाये. जोडे चामोर्शीचे हायेत!"

*

म्हशीचं स्टीअरिंग डावीकडं होतं. उद्धवभाऊ डावीकडं बसायचे आणि डॉक्टर बाई उजवीकडं, जिथं आपल्याकडं ड्रायव्हर बसतो. एकदा सकाळपासून तीन गावं करून बाई दमल्या होत्या. मान मागं टाकून तोंड उघडं ठेवून गाढ झोपलेल्या. समोरून एक म्हातारबा बैलगाडी घेऊन येत होते. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि बैल सरळ धानाच्या बांधीत, शेताच्या चिखलात, घातले!

पुढच्या गावी दवाखाना मांडला. तासाभरानं तेच म्हातारबा रांगेत. अंगावर चिखल, अंगात ताप. बाईंनी सुई हातात घेतली तसे ते ताडकन उठले.

"नाई! हिच्या हातानं नाई!"

"का हो बाबा?"

"तू झोपून गाडी चालवते, बाई. सुई बी तशीच टोचशीन!"

*

आणि हा शेवटचा. त्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या गावातून निरोप आला: सुमन नावाची पोर, पहिलं बाळंतपण, आदल्या दिवसापासून अडली आहे. सकाळीच निघालो. बाई, उद्धवभाऊ आणि मी. गावात पोचून सुमनला मागं निजवलं, तिची सासू उशाशी बसली. म्हातारी सुरकुतलेली, काटक. पदराखाली एक बाटली घट्ट धरलेली.

परतताना नाला पार केला आणि खालून 'फर्रर' आवाज आला. मी उतरून पाहिलं. सागाच्या खुंटानं डावा बूट उभा चिरला होता. ऑइल सगळं वाहून गेलेलं. दवाखाना अजून बारा किलोमीटर. कोरडा सांधा दोन किलोमीटरही टिकला नसता. सोबतचा ऑइलचा डबा मी आदल्या दिवशीच संपवला होता आणि नवा घ्यायला विसरलो होतो. मी चिरलेला बूट हातानं दाबून धरला. मागं सुमन ओरडत होती.

"किती वेळ?" बाईंनी विचारलं.

मी रिकामा डबा उलटा करून दाखवला. तेवढ्यात म्हातारी खाली उतरली. एक्सलकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"काय पाह्यजे इले?"

"तेल, माय."

तिनं पदराखालची बाटली पुढं केली. टोरीचं तेल, मोहाच्या बियांचं. नातवंडाच्या मालिशसाठी तिनं घाण्यावरून काढून आणलेलं. मग लुगड्याचा काठ टरकन फाडून माझ्या हातात दिला. मी बूट गुंडाळला, आत तेल ओतलं, काठानं करकचून बांधला. उद्धवभाऊंनी गाडी अशी नेली, जशी दुधानं भरलेली परात न्यावी.

दुपारी मुलगी झाली. रडली अशी, की आमच्या गाडीच्या शेडपर्यंत ऐकू आलं! बाईंनी खिडकीतून हात हलवून दाखवला, दोघीही ठीक आहेत म्हणून. मी तिथंच जमिनीवर बसलो. उद्धवभाऊंनी तोंडावर टॉवेल घेतला आणि बराच वेळ काढला नाही.

संध्याकाळच्या आत म्हातारी रिकामी बाटली घेऊन शेडमध्ये आली. मी ओशाळून उभा राहिलो.

"माय, चामोर्शीवरून नवं तेल आणून देतो. हे आता काळं झालं."

तिनं ऐकलं नाही. वाकून गाडीखाली पाहिलं. काठ बांधलेल्या एक्सलवरून हात फिरवला. मग माझ्याकडं वळून रागानं म्हणाली,

"राहू दे तिच्याच अंगात. अन् पाच दिवस उठवू नको तिले. तिचं बी आजच बाळंतपण झालं ना!"