अक्कांना ऐकू आलेलं रडणं

आधीच सांगते, मला असल्या गोष्टींत कधी रस नव्हता. मी धुळ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सॅम्पल तपासायचं, दिसेल ते लिहायचं, दिसलं नाही तर नाही म्हणायचं... माझा स्वभावही तसाच झालाय. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर करमणूक म्हणून वाचायचे. आज स्वतःच लिहायला बसले म्हणून घरात सगळे हसतायत. एक अक्का सोडून.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. घरचे, शेजारचे, सगळे त्यांना अक्काच म्हणतात. आयुष्य शिंदखेड्याकडच्या एका खेड्यात गेलं. चाळिशीत मेंदूज्वर झाला. जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. कमी ऐकू येणं नव्हे, पूर्ण बंद. माझं लग्न झाल्यावर मी हट्टाने त्यांच्या सगळ्या टेस्ट करून घेतल्या. आतली नसच काम करत नाही, मशीनचाही उपयोग नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. अक्का बोलतात मात्र भरपूर, अहिराणीत आणि चढ्या आवाजात. आम्ही त्यांना ओठ हलवून, हातवारे करून सांगतो.

सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे धुळ्यात, देवपूरला आल्या. फ्लॅटमध्ये जीव रमेना, म्हणून रविवारी सकाळी मी त्यांना जवळच्या बागेत न्यायला लागले.

गोष्ट पाडव्याच्या जरा आधीची. बागेत करंजाला पोपटी पालवी आलेली, कडुलिंबाचा मोहर वाटेवर सांडलेला, ऊन अजून अंगावर घ्यावंसं वाटेल असं. पण आवाज... बागेच्या पुढच्या बाजूला रस्ता फोडायचं काम चालू होतं, ब्रेकरची धडधड. डाव्या हाताला मंगल कार्यालय, तिथे हळदीचा डीजे. वरून रिक्षांचे आणि एसटीचे हॉर्न. माझं डोकं ठणकत होतं. अक्का मात्र बाकावर मांडी घालून बसल्या होत्या, तोंड वर करून कोवळी पानं बघत. त्या बागेत त्या सकाळी त्यांच्याइतकं सुखी कोणीच नसेल.

तेवढ्यात गेटकडे गडबड झाली. एक बाई ओढणी सावरत प्रत्येकाला विचारत होती, "मेरी बच्ची देखी क्या? चार साल की है, पीली फ्रॉक." तिचं नाव रुखसाना, हे नंतर कळलं. मुलगी झोपाळ्याजवळ खेळत होती आणि आई पाण्याची बाटली भरून येईपर्यंत दिसेनाशी झाली होती. मुलीचे वडील केव्हाच रस्त्याकडे धावले होते. सगळ्यांना तेच वाटलं, पोर डीजेच्या गाण्याकडे गेली असणार. रस्ता खोदलेला, गाड्या धावतायत... दहा-बारा जण बाहेर पळाले. मीही उठले.

अक्कांनी माझा हात धरला.

"पोर रडी ऱ्हायनी," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, रुखसानाचा चेहरा बघून त्यांनी अंदाज केला. मी हातानेच सांगितलं, हो, हरवलीय, बाहेर शोधतायत.

"भायेर नही. मांगे." त्यांनी बागेच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. "माले आयकू ई ऱ्हायनं."

मला ऐकू येतंय. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. मी काही विचारायच्या आत त्या चालायला लागल्या होत्या. गुडघेदुखीमुळे एरवी कठडा धरून जिना चढणारी बाई, पण इतकी झपझप चालत होती की मला मागे धावावं लागलं. मधेच थांबायच्या, मान कलती करायच्या, जसं आपण लांबचा आवाज ऐकताना करतो तसं, आणि पुन्हा पुढे.

मागे रोपांच्या वाफ्यांजवळ बागेच्या पाण्याची टाकी आहे, जमिनीत बांधलेली. वर फळ्या टाकलेल्या आणि त्यांवर वाळलेल्या पानांचा थर. अक्का तिथे थांबल्या, खाली वाकल्या आणि फळीवर हात ठेवला.

"आठेच शे. खाले."

इथेच, खाली? मी कान लावला. खरं सांगते, मला फक्त डीजे आणि ब्रेकर ऐकू येत होते. कडेची एक फळी मात्र जरा तिरकी झालेली दिसली. मी ओरडून बागेच्या माळीदादांना बोलावलं. ते आले आणि फळी बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

"ताई, मी आत्ताच पाणी सोडलंय टाकीत."

ते व्हॉल्व्ह बंद करायला धावले. मी आणि अक्कांनी मिळून फळ्या ओढल्या. आत अंधारात पिवळा फ्रॉक दिसला. पोरगी कोपऱ्यातल्या पाइपला धरून उभी होती, पाणी हनुवटीला टेकलेलं, ओठ घट्ट मिटलेले. माळीदादा परत आले ते तसेच आत उतरले आणि तिला वर दिलं. अक्कांनी तिला पदरात गुंडाळून छातीशी धरलं तेव्हा कुठे तिने भोकाड पसरलं.

रुखसाना धावत आली आणि अक्कांच्या पायांशीच बसली. तिचा नवरा रस्त्यावरून आला, लोक आले, मंगल कार्यालयातले हळद लागलेले पाहुणेसुद्धा आले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. अक्कांना टाळ्या ऐकू येत नव्हत्या, पण वर जाणारे हात दिसत होते. त्या ताठ उभ्या होत्या, कडेवर पोर घेऊन, आणि मोठमोठ्याने हसत होत्या. सासरे गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुन्हा टेस्टला नेलं. मला आशा होती. टेक्निशियनने आवाज वाढवत नेला, अक्का शांत बसून राहिल्या. रिपोर्ट पूर्वीसारखाच. कान बंद.

ईदला रुखसाना सगळ्यांना घेऊन घरी आली. शीरखुर्मा खाता खाता मी मुलीला म्हटलं, "किती जोरात रडलीस गं त्या दिवशी, आमच्या अक्कांनाही ऐकू आलं."

तिने मान हलवली. "मैं रोईच नहीं. मुंह खोलती तो पानी अंदर जाता ना."

रुखसाना म्हणाली की घरीही ती हेच सांगते. बाहेर काढेपर्यंत तिने तोंडातून आवाजच काढला नव्हता.

मग अक्कांनी नेमकं ऐकलं तरी काय? मी आजवर नाही नाही ते तर्क केले. फळी तिरकी दिसली असेल, म्हणावं तर बाकावरून टाकी दिसतच नाही. पोर तिकडे जाताना पाहिली असेल, तर त्यांनी तसं सांगितलं असतं. त्या काही लपवणाऱ्यांतल्या नाहीत.

त्या ईदच्या दिवशीच मी अक्कांच्या समोर बसून, ओठ सावकाश हलवून सांगितलं, ती रडलीच नव्हती म्हणे.

अक्कांनी मांडीवर झोपलेल्या पोरीकडे बघितलं आणि तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"जित्ती शे ना पोर?" त्या म्हणाल्या. "मंग."