सोळाचा दगड

शहरं कुठं नदीकाठी वसतात, कुठं बंदरावर, कुठं किल्ल्याच्या पायथ्याशी. सोळाचा फाटा खडीच्या ढिगावर वसला. बहात्तरच्या दुष्काळात सिरसाळ्याकडून माळावरून नवा रस्ता काढला, तेव्हा तिथं किलोमीटरचा एक दगड होता आणि त्यावर सोळाचा आकडा. सावलीला बाभूळसुद्धा नव्हती.

त्या कामावर केशरबाई खडी फोडत होती. वय असेल वीस. बरोबर नवरा सटवा आणि दोन महिन्यांची लेक. खायला सुकडी मिळायची, ती आईच्याच पोटाला पुरायची नाही, मग अंगावर दूध कुठून उतरणार? एका दुपारी लेकीनं मान टाकली. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. सटवानं कामावरच्याच टिकावानं खड्डा घेतला, सोळाच्या दगडापासून मावळतीला नऊ पावलांवर. तिसऱ्या दिवशी तिथं दूध द्यायची रीत. दूध नव्हतं म्हणून केशरबाईनं तांब्याभर पाणी ओतलं. टँकरचं पाणी मातीत घालते म्हणून मुकादमानं तिला चारचौघांत शिव्या दिल्या. त्या माणसाचं पुढं भलं झालं असेल तर मला सांगू नका.

नंतर चार हंगाम दोघं ऊस तोडायला पश्चिमेकडं गेली. परत आली तेव्हा रस्त्यावर डांबर पडलं होतं, आजूबाजूचा माळ नांगरटीत गेला होता आणि दगडाला पिवळा रंग लागला होता. केशरबाईनं दगडापासून मावळतीला नऊ पावलं मोजली आणि बोरांची टोपली घेऊन तिथं बसली. ती तीस वर्षं उठली नाही.

तिच्या डोळ्यांदेखत गाव उभं राहिलं. एसटी थांबायला लागली म्हणून चहाची टपरी आली, टपरी आली म्हणून सायकलचं दुकान. मग उगवतीला चारशे पावलांवर सहकारी साखर कारखाना झाला आणि गावाला घाईच सुटली. रस्त्याच्या दोन्ही कडांना दुकानांची ओळ, तिच्यामागं कामगारांची पत्र्याची घरं, त्यामागं हाऊसिंग सोसायटीचे प्लॉट आणि सगळ्यात मागं उकिरडा. दर निवडणुकीला उकिरड्यावर नवे प्लॉट पडायचे आणि उकिरडा पुढं सरकायचा. ह्याला पुढारी विकास म्हणायचे.

केशरबाई बोरं, शेंगा, मेथीच्या जुड्या विकायची. बाकीच्या बायांनी भज्यांच्या गाड्या टाकल्या, तिनं तिथं कधी चूल पेटवली नाही. छत्रीचा दांडासुद्धा जमिनीत ठोकला नाही. दगड भरलेल्या पोत्याला बांधायची. सकाळी बसण्याआधी वाटीभर दूध जमिनीवर सोडायची. लोकांना वाटायचं, धंदा चालावा म्हणून काही तोडगा असेल. सटवा वारल्यावर खरं कुणालाच ठाऊक उरलं नाही. मागून झालेल्या लेकाला, गहिनीनाथलाही नाही.

मग दुष्काळ पुन्हा आला. ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड पडलं आणि तिथं रोजंदारीवर असलेला गहिनीनाथ घरी बसला. त्याच वर्षी खरेदी-विक्री संघानं गाळ्यांची इमारत काढली, नेमकी केशरबाईच्या टोपलीखाली. जागा सोडल्याचा अंगठा दिला की पक्का गाळा मिळणार होता.

"आये, फुकट गाळा मिळायलाय. कावून अडून बसलीस?"

"न्हाई सोडायची."

"पर कावून?"

"न्हाई म्हणलं ना!"

गहिनीनाथनं टोपली लाथाडली. बोरं रस्त्याभर झाली. त्या दिवसापासून तो आईशी बोलेना, आणि एका घरात दोन चुली पेटू लागल्या. तिचा जीव तुटायचा. पण एका लेकरासाठी दुसऱ्याला उघड्यावर कसं टाकायचं?

पुढच्या आठवड्यात गावाचा आराखडा करायला जिल्ह्याहून एक तरणा साहेब आला. जुना नकाशा आणि समोरची जमीन जुळेना, म्हणून त्यानं रस्त्याच्या गँगवर जन्म काढलेल्या उत्तरेश्वरला बोलावलं. दोघं केशरबाईच्या टोपलीपाशीच उभे होते.

"बाबा, नकाशाप्रमाणं हा दगड पार कारखान्याच्या गेटात येतो. नकाशा चुकला का?"

"नकाशा बराबर हाय साहेब," उत्तरेश्वर म्हणाला. "डांबरीच्या वक्ताला मोजणी नव्यानं झाली. तिकडचा दगड उपटून म्याच हितं रोवला."

केशरबाई शेंगा मापत होती. माप तसंच हातात राहिलं.

"दादा, जुनी जागा दावता का मला?"

म्हातारीला हे काय सुचलं, असं त्याला वाटलं, तरी तो गेला. गेटाच्या आत उसाच्या ट्रकांचा वजनकाटा होता, जमिनीत बसवलेली लांबरुंद लोखंडी प्लेट. "दगड त्या गेटापाशी व्हता," उत्तरेश्वर म्हणाला. केशरबाईनं तिथून मावळतीला पावलं टाकली. नववं पाऊल प्लेटवर पडलं.

"ह्याच्याखाली दहा फूट खड्डा हाय. खणायला मी बी व्हतो."

तिला तो खड्डा आठवला. खणणाऱ्या गड्यांना तिनंच बोरं विकली होती.

"माती कुठं टाकली, दादा?"

"लई निघाली. समद्या बाजारात भराव केला तिचा, गल्ली न् गल्ली. ती माती नसती तर हितं बाजारच उभा ऱ्हायला नसता." त्याला त्या कामाचा अभिमान होता.

केशरबाईचे पाय अजून त्या प्लेटवर होते. तीस वर्षं तिनं नुसत्या मुरमाला दूध पाजलं होतं. मग तिनं पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या आणि बाजारातून अनवाणी घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगठा दिला. इमारतीच्या पायासाठी तिची जागा खणली, तेव्हा ती बघायलासुद्धा गेली नाही. बाजारात मात्र ती अनवाणीच चालायची. वैशाखात डांबर मऊ व्हायचं, तिच्या तळव्यांना फोड यायचे. कुणी नवस आहे का विचारलं तर हो म्हणायची.

गाळ्याच्या पहिल्या कमाईतून गहिनीनाथनं तिला नव्या चपला आणल्या आणि स्वतः तिच्या पायाशी बसला. "आता तरी घाल की. कुणाचा राग धरलीस?"

"बाजारात न्हाई घालायची," ती म्हणाली. "तुझी बहीण हाय तिथं."

गहिनीनाथ हसला. त्याला बहीण नव्हती. मग त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि तो हसायचा थांबला.