ब्राझीलच्या घरातला अर्जेंटिनावाला

आमच्या गल्लीत वर्ल्ड कप कोण जिंकणार हे वर्ल्ड कप सुरू व्हायच्या आधीच ठरतं. नंतर ते लोक जाऊन मॅचेस खेळतात, तो त्यांचा प्रश्न.

ठरवायची पद्धत साधी आहे. स्पर्धेच्या आदल्या रविवारी संध्याकाळी मंडळाच्या चौकात दोन खुर्च्या, एक टेबल आणि एक माइक मांडतात. एका खुर्चीवर माझे वडील, म्हणजे दादा, ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीत. दुसरीवर त्यांचा जिवलग मित्र नाना, अर्जेंटिनाच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत. तरुणपणी दोघं पेठेच्या टीममधून एकत्र खेळले. पुढं दादा पाटबंधारे खात्यात चिकटले, नानानं किराणा दुकान काढलं, पण भांडण मात्र कायम राहिलं. त्या दिवशी दोघं मिळून एकेका देशाचा समाचार घेत. कुणाचा बचाव कच्चा, कुणाचा गोलकीपर नुसता दिसायला चांगला, कुठला कोच गाढव. (त्या कोचला हे कधी कळत नसे, म्हणून तो सुखात असे.) शेवटी गल्ली हात वर करून निकाल द्यायची, आणि मग दोघं एकाच स्कूटरवरून चहाला जायचे.

अशा माणसाच्या पोटी जन्मूनही मला ऑफसाइड म्हणजे काय ते आजतागायत कळलेलं नाही. मी जयसिंगपूरला ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. कोल्हापुरात फुटबॉल न कळणं हे काही कायद्यानं गुन्हा नाही, पण दादा माझी ओळख करून देताना "ह्यो आमचा सुनील, मास्तर हाय" एवढंच म्हणून लगेच पावसापाण्याचं विचारत, त्यावरून काय ते समजा.

कतारच्या वर्ल्ड कपच्या आदल्या पावसाळ्यात नाना गेला. दुकानात बसल्या बसल्या, हातात साबुदाण्याचं माप असताना. दादांनी खांदा दिला, तेराव्याला पंगतीत वाढलं, सगळं रीतसर केलं. आणि दिवाळीनंतर एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी आईला विचारलं, "नाना दिसला न्हाय गं बरेच दिवस?"

विसरणं तसं आधीपासून सुरू झालं होतं. चष्मा फ्रिजमध्ये, भाजीची पिशवी देवळात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन त्या आजाराचं नाव सांगितलं होतं, हे हळूहळू वाढत जाणार असंही सांगितलं होतं. मी ते आईला आणि बायकोला, मनीषाला सांगितलं, आणि दादांना यातलं काही कळू द्यायचं नाही असं आम्ही तिघांनी ठरवलं. पण नाना विसरला जाईल असं कुणालाच वाटलं नव्हतं.

त्या सकाळी आईनं खरं ते सांगून टाकलं. दादांनी कप खाली ठेवला आणि ते लहान पोरासारखे रडले. दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आला, आणि त्यांनी विचारलं, "नाना कुठाय?"

एकाच माणसाला रोज एकदा जाळायचं, हे आईला झेपणारं नव्हतं. ती म्हणाली, "जोतिबाला गेलाय."

तिथून पुढं नाना जोतिबालाच होता. मी सांगायचो जोतिबाला गेलाय, मनीषा सांगायची जोतिबाला गेलाय, दूधवाल्यालाही आम्ही पढवून ठेवलं होतं. एकदा दादा वैतागून म्हणाले, "जोतिबाला राहायलाच गेलाय व्हय त्यो? पुजारी झालाय का तिथं?" आम्ही सगळे हसलो. मग आई उगाचच मोरीत जाऊन धुतलेली भांडी परत धुवत बसली.

अशात वर्ल्ड कप आला. मंडळाचे अध्यक्ष आप्पा आमच्या घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले की यंदा कार्यक्रम नकोच, दादांना त्रास व्हायला नको. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, पण आप्पांचा हळू आवाज म्हणजे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नीट ऐकू येतो. दादा आतून पिवळी जर्सी घालूनच बाहेर आले. म्हणाले, कार्यक्रम न व्हायला काय झालं? नाना रविवारपर्यंत येतोय की.

आता नाना आणायचा कुठून? दादांसमोर बसून अर्जेंटिनाची बाजू मांडायला गल्लीतला एकही माणूस तयार होईना. बोलता बोलता दादांना हरवलं तर काय घ्या, अशी प्रत्येकाला भीती. ज्याच्याकडून कुठल्याही परिस्थितीत दादांचा पराभव होऊ शकत नाही असा माणूस हवा होता. आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मग आईनं बघितलं. मनीषानं तर बघायचीही तसदी घेतली नाही, ती म्हणाली, "ह्यांनाच बसवा."

मी आठवडाभर जयसिंगपूरच्या एसटीत मोबाइलवर फुटबॉलचा अभ्यास केला. आवर्त सारणी पाठ असलेल्या माणसाला बत्तीस देश म्हणजे काय मोठं, असं मला वाटत होतं. रविवारी दुपारी नानाची बायको, आमची काकू, नानाची जर्सी इस्त्री करून घेऊन आली. "घाल," म्हणाली, "ते असते तर घातलीच असती की." नाना चांगलाच आडवा माणूस होता. त्या जर्सीत मी घुसलो आणि आणखी एका अर्जेंटिना समर्थकाची जागा शिल्लक राहिली.

चौक भरला होता. मी खुर्चीत बसलो तसे दादा माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी पाठ केलेलं निम्मं तिथंच विसरलो.

"आलास व्हय," ते म्हणाले. "किती दिवस मर्दा त्या जोतिबाला?"

मी सुनील आहे असं सांगायला तोंड उघडलं होतं. समोर पहिल्या रांगेत आई बसली होती, तिनं नुसती मान हलवली. मी म्हटलं, "आलो बघ आता."

सुरुवात झकास झाली. माइक हातात आल्यावर दादांचा आवाज पूर्वीसारखा झाला. जर्मनी म्हणजे यंत्र, पण यंत्राला गुडघे नसतात, म्हणून ते वाकत नाही आणि मोडतं. इंग्लंड दर वेळी वरात घेऊन येतं आणि नवरी दुसराच नेतो. लोक टाळ्या पिटत होते. मी मनात म्हटलं, निभावलं. तेवढ्यात दादा म्हणाले, "आणि एक सांगून ठेवतो, युगोस्लाव्हियाला कमी समजू नका."

लोक हसले. त्यांना तो विनोद वाटला. दादांनी हसू थांबायची वाट बघितली आणि युगोस्लाव्हियाचा मधल्या फळीतला गडी कसा चिवट आहे ते सविस्तर सांगायला लागले. आता हसू विरळ झालं. मागून कुणीतरी, वाईट हेतू नव्हता त्याचा, म्हणालं, "दादा, युगोस्लाव्हिया आता न्हाय की."

"न्हाय म्हणजे? कुठं गेला?"

दादा गोंधळून माझ्याकडं वळले. "नाना, कुठं गेला रं युगोस्लाव्हिया?"

काही प्रश्नांना माणसाच्या तोंडून सवयीनं उत्तर निघतं. मी म्हटलं, "जोतिबाला गेलाय."

चौकात हशा फुटला. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. दादाही हसले, सगळ्यात मोठ्यानं हसले, आणि मला वाटलं आपल्याला हे जमतंय. त्या जोरावर मी माइक ओढला आणि अर्जेंटिनाला यंदा खरी धास्ती इटलीची आहे, असं ठासून सांगितलं. (इटली त्या वर्ल्ड कपला पात्रच ठरला नव्हता. हे चौकातल्या दुधाच्या दातांच्या पोरांनाही ठाऊक होतं.) जी हुर्यो उडाली ती मंडळाच्या इतिहासात कुठल्या राजकीय पुढाऱ्याचीही उडाली नसेल.

दादांना माझी दया आली. ते माझ्याकडं वाकले. बोलायचं त्यांना फक्त माझ्याशी होतं, पण माइक आमच्या दोघांच्या मधोमध होता आणि चालू होता.

"नाना, तुझंबी माझ्यासारखंच व्हायला लागलंय का रं?" ते म्हणाले. "माझं डोस्कं चालंना झालंय अलीकडं. परवा घराचा रस्ता चुकलो. आपल्याच गल्लीच्या तोंडाला उभा राहिलो, कुठं वळायचं कळंना. मग कुणाच्या तरी मागं मागं आलो."

चौकातलं हसू थांबलं. मी टेबलाखाली माइकचं बटण शोधत होतो. ते सापडलं नाही, कारण ते माइकलाच होतं.

"घरात कळू दिल्यालं न्हाय," दादा सांगत राहिले. "हिला बीपी हाय. आणि सुन्या लई घाबरट. रसायनाच्या बाटल्या फोडायला घाबरत न्हाय, पण माणसाचं काय झालं की त्याला झोप लागत न्हाय. त्याला बोलू नगंस."

आम्ही तिघांनी त्यांच्यापासून लपवलं होतं, आणि ते आमच्यापासून लपवत होते. एका घरात, एका डायनिंग टेबलावर. आणि आता ते दोन लाउडस्पीकरवरून आख्ख्या पेठेला कळलं होतं. मी आईकडं बघायचं टाळलं.

"न्हाय सांगत," मी म्हटलं.

"शपथ?"

"शपथ."

ते समाधानानं मागं टेकले. आप्पांनी घाईघाईनं एकदम निकालच पुकारला. ब्राझीलवाल्यांनी हात वर करा, म्हणाले. आमच्या गल्लीत निम्म्याहून जास्त घरं अर्जेंटिनाची आहेत; त्यांच्या गच्चीवर वर्षभर निळे-पांढरे झेंडे असतात आणि त्यावरून लग्नं मोडायची वेळ आलेली आहे. त्या सगळ्यांनी हात वर केले. न सांगता, एकमेकांकडं न बघता. मीही केला. अंगावर जर्सी कुठली आहे याचं मला भान नव्हतं.

मग अर्जेंटिनासाठी एकच हात वर झाला. बायकांच्या रांगेत काकू उभी होती, डोळ्यांना पदर लावून, दुसरा हात सरळ वर. "त्यांचं मत घाला," ती आप्पांना म्हणाली. आप्पांनी घातलं.

दादा खूश होऊन घरी आले. मी आधी जर्सी काढली, तोंड धुतलं, मगच त्यांच्यासमोर गेलो. ते मला म्हणाले, "नाना आलता. बरं वाटलं बघ." मी म्हटलं, हो का. त्या रात्री मला झोप लागली नाही; याबाबतीत त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पुढं प्रत्यक्ष वर्ल्ड कपात ब्राझील बाद झाला. बाद कुणी केला? क्रोएशियानं. आणि क्रोएशिया पूर्वी कुठल्या देशात होता हे आप्पांच्या लक्षात आलं तेव्हा ते धावत आमच्या घरी आले आणि दादांच्या पायाच पडले. दादांना ते का पडताहेत काही कळलं नाही. त्यांनी आशीर्वाद दिला आणि, बसा पावणं, म्हणाले. आप्पा बसले, पण चहा न पिताच गेले.

फायनलला अर्जेंटिना होता, त्यामुळं नानाला बोलावणं आलं. मी जर्सी चढवली. अर्जेंटिना जिंकल्यावर बाहेर फटाके सुरू झाले आणि दादांनी उठून माझा हात हातात घेतला. "जिंकलास लेका," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी फुटबॉलवरून माझं कौतुक केलं, आणि ते माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. मी साध्या शर्टात होतो, म्हणजे सुनील होतो. म्हणाले, "सुन्या, नाना लई वाळलाय रं. कापडं अंगावर राहिनात त्याच्या. डॉक्टरकडं घेऊन जा त्याला."

मी बरं म्हटलं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले. बाकी सगळं विसरणारा माणूस एवढं एक विसरेना. रोज खोटं तरी किती बोलायचं, म्हणून निदान "दाखवून आणलं" हे खरं व्हावं यासाठी मी एका सकाळी जाऊन माझंच रक्त तपासायला देऊन आलो. शुगर निघाली. चांगली सणसणीत.

दादांना सांगितलं, नानाला शुगर आहे. "तरी मी म्हणत हुतो," ते म्हणाले, आणि त्यांनी आईला ताकीद दिली की नानाला बिनसाखरेचा चहा द्यायचा, आग्रह करायचा नाही. तेव्हापासून आमच्या घरी मी नाना असेन त्या दिवशी मला अगोड चहा मिळतो, आणि सुनील असेन त्या दिवशी दादा स्वतः बघतात की पोराच्या कपात दोन चमचे साखर पडली का. सुरुवातीला मी दोन्हीचा मेळ घालायचो. पण आता जर्सी घातलेली असो वा नसो, ते मला बहुतेक नानाच म्हणतात. सुनील म्हणून हाक मारल्याला बरेच दिवस झाले.

मागच्या महिन्यात तपासणीला गेलो तर शुगर एकदम आटोक्यात. डॉक्टर खूश झाले. एवढं कडक पथ्य कसं पाळता, म्हणाले.

मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मी नाही पाळत, नाना पाळतो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की पुढच्या वेळी येताना घरातल्या कुणाला तरी सोबत घेऊन या.