एकेचाळीस पावले

वयाच्या बावन्नाव्या वर्षी प्रथमच काही लिहिण्याचे धाडस करीत आहे. त्याबद्दल आधी क्षमा मागते. परंतु आमच्या गुरुजींविषयी दुसरे कोणी लिहील असे वाटत नाही.

काहीही विचारले की गुरुजी सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत आणि म्हणत, "आधी उत्तर काय ते सांगा." दिवेआगरजवळच्या वाड्यांआडची आमची शाळा द्विशिक्षकी, ते मुख्याध्यापक, मी सहशिक्षिका. पाढे ते असे पाठ करून घेत, की कुंपणापलीकडे सुपारी सोलणाऱ्या बायकाही सूर धरत.

मग नवा अभ्यासक्रम आला. पाठांतर पुरे, मुलाला काय करता येते ते पाहा, असे त्यात होते. प्रशिक्षणाहून परतलेल्या गुरुजींना पाणी पिताना ठसका लागला. नव्या पुस्तकात 'मैदान पावलांनी मोजा' या कृतीपुढे उत्तराची जागा कोरी होती.

"बाई, उत्तरच छापलेलं नाही. तपासणीला येणारे कशाशी ताडून बघणार? निवृत्तीला दोन वर्षं उरलीत. आता नापास व्हायचं का मी?"

त्यांनी स्वतः मैदान मोजले. एकेचाळीस पावले. तो आकडा सगळ्या मुलांकडून घोकून घेतला. पहिलीतली एक पोर म्हणाली, "गुरुजी, माजी त सदुसष्ट झाली."

"एकेचाळीस म्हण."

मी व्हरांड्यात होते. चूक माझ्या ध्यानात आली. पण वयाने आणि हुद्द्याने मोठ्या माणसाला सांगायचे कसे? भीतीने मी वह्या तपासू लागले.

तपासणीला आलेल्या मॅडमनी मैदान किती पावलांचे असे विचारताच सारी मुले एका सुरात म्हणाली, "एकेचाळीस." मॅडम हसल्या आणि पहिलीतल्या त्याच मुलीला म्हणाल्या, "चालून दाखवतेस?"

ती मोजत निघाली. एकेचाळीस म्हणाली आणि थांबली. टोकाची भिंत अजून लांब होती. मैदानाच्या मधोमध उभी राहून ती घाबरून गुरुजींकडे पाहू लागली.

गुरुजी गेले. तिचे बोट धरून म्हणाले, "चल, पुढं मोज." सदुसष्टला दोघे भिंतीशी पोहोचले.

मॅडम गेल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. "बाई, इतकी वर्षं मी पोरांना मधेच थांबवलं काय हो?"

मी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला.

आता त्यांच्या खुर्चीवर मी बसते. सोबतीला तरुण सर आले आहेत, फार अदबशीर. मी शिकवीत असताना ते मान खाली घालून वह्या तपासू लागले, की मी फळ्याकडे वळून माझेच लिहिलेले पुन्हा वाचते.

त्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही असतात, तर बोलला असतात का?