दाराला टेकवलेला खराटा

वाडीतल्या कौसल्याबाईंच्या खानावळीत गोपाळराव कितीतरी वर्षं दोन्ही वेळ जेवले, पण बाईंबद्दल त्यांना खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. त्या रामटेककडच्या एका खेड्यातल्या, नवरा ट्रक चालवायचा तो लवकर गेला, मुलगा अमोल बोटी बांधायच्या कारखान्यात परदेशी नोकरीला, एवढंच. बाकीचं गोपाळरावांनी कधी विचारलं नाही. त्यांचा जन्म ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर गेला. गाडी काट्यावर चढली की आकडा बोलायचा आणि आपण गप्प राहायचं, ही सवय नोकरी सुटल्यावरही सुटली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना आणि अमरावती रोडवरच्या ड्रायव्हर लोकांना पक्की माहीत होती. कौसल्याबाईंच्या दारातून कोणी उपाशी परतत नसे. भांडी घासून झाल्यावर कोणी आलं तरी तवा पुन्हा चढायचा. त्यांच्या आईच्या हातचं पाणी नाकारणारी माणसं त्यांनी लहानपणी पाहिली होती. हे त्या एकदाच बोलल्या, तेही पोळ्या लाटता लाटता, आणि लगेच म्हणाल्या, "आता पाहा, सारा हायवे माह्या हातचं खाते."

अमोलला मुलगी झाली तेव्हा बाई तिकडे गेल्या. एस्टोनिया नावाच्या देशातलं एक बेट. मोठ्या बोटीत मोटारींसकट बसून तिथं जायचं. परत आल्या त्या दुपारी भाजी वाढता वाढता त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि खानावळीत जेवण कमी, ऐकणं जास्त झालं.

"गाव कसलं, पंधरा-वीस घरं. मातीत दगडच दगड, म्हणून कुंपणं बी दगडाचीच, एकावर एक रचलेली. चुना नाही, माती नाही, तरी पडत नाहीत. लाकडाच्या जुन्या पवनचक्क्या, खुरटी काटेरी झुडपं, अन् समुद्र असा चुपचाप जसा आपला अंबाझरी तलाव. भाकर काळी. अन् माणसं? सारं गाव तुमच्यावानी, गोपाळराव. विचारलं तं मान हलवतेत."

सगळे हसले. गोपाळरावांनी मान हलवली, तेव्हा आणखी हसले.

अमोल आणि त्याची बायको भूमिका त्या गावात नुकतेच राहायला आले होते, फारशी ओळख नव्हती. बाईंनी ठरवलं, नातीच्या बारशाला सगळं गाव जेवायला बोलवायचं. अमोल म्हणाला, "आई, हे लोक असे कुणाकडे जात नाहीत." पण बाईंनी ऐकलं नाही. त्याला सोबत घेऊन घरोघर जाऊन आमंत्रण दिलं. शेजारच्या म्हाताऱ्या लेइडाबाईंना तर हाताला धरून सांगितलं.

बारशाच्या सकाळी त्यांनी सवयीप्रमाणे अंगण झाडलं. बर्च झाडाच्या काड्यांचा खराटा होता, तो पुढच्या बंद दाराला बाहेरून टेकवून ठेवला आणि मागच्या दारानं आत जाऊन स्वयंपाकाला लागल्या. पुरण शिजलं, घुगऱ्या झाल्या. अमोल गाडी घेऊन जास्तीच्या खुर्च्या आणायला गेला, भूमिका आतल्या खोलीत बाळापाशी होती.

वेळ झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंना दिसलं, एक जोडपं फाटकापाशी आलं. त्यातल्या बाईच्या हातात झाकलेलं भांडं होतं. दोघांनी घराकडे पाहिलं, आपसांत काही बोलले आणि परत गेले. मग आणखी दोघं आली, तीही थबकली आणि वळली.

"मले वाटलं," बाई म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन बी तेच. हातचं नाही खात म्हणजे नाही खात."

वाढायचा डाव त्यांच्या हातात तसाच थांबला होता. रोशन नावाचा ड्रायव्हर म्हणाला, "मग काकू, रडल्या का?"

"रडतो कोण? तेवढ्यात लेइडाबाई आली, भाकर घेऊन. तिनं बी पाहिलं अन् पाठ फिरवली. मंग मी उठली. दार उघडलं तं तो खराटा धाडकन पायावर पडला. तो उचलला अन् तशीच रस्त्यावर. म्हटलं, 'अवो बाई, जेवाले बोलावलं तं पळता काहून?'"

लेइडाबाई थांबल्या, खराट्याकडे पाहिलं आणि पोट धरून हसायला लागल्या. त्यांनी तो बाईंच्या हातून घेतला, दाराला टेकवला आणि दोन्ही हात हलवून दाखवलं, घरात कोणी नाही. मग तो उचलून भिंतीकडेला आडवा टाकला आणि बाईंच्या छातीवर बोट ठेवलं, आहे! तेवढ्यात आलेल्या अमोलला त्यांनी सगळं समजावलं. तिथं जुन्या काळापासून कुलूप लावत नाहीत. बाहेर जाताना दाराला झाडू टेकवतात. तो दिसला की पाहुण्यानं फाटक ओलांडायचं नाही. दाराला झाडू पाहून गाव आपलं मर्यादेनं परत गेलं होतं.

लेइडाबाईंनी फोन लावले आणि घटकाभरात अंगण भरलं.

"कोणी चांगलं म्हणे ना, वाईट म्हणे ना. पण पुरणपोळी तिसऱ्यांदा मागितली त्याहिनं. ताटं पुसून खाल्ली!" हे सांगताना बाईंची मान अशी ताठ झाली होती, की गोपाळरावांना ती खानावळ एकदम मोठी वाटली.

रोशन म्हणाला, "म्हणजे काकू, झाडू घेऊन मागं लागल्या तेव्हा लोकं जेवले!"

"हो गा. तुले बी तसंच बसवू का?"

पुढच्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला त्या गावानंच बाईंना बोलावलं. त्या गेल्या आणि तिथंच, झोपेत, त्यांचा शेवट झाला. अमोलचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई गेल्यावर सगळं गाव घरी आलं होतं, काका. जेवल्याशिवाय कोणी गेलं नाही." गोपाळरावांनी हे रोशनला सांगितलं, बाईंच्या हाताखालच्या कामिनीला सांगितलं, पानठेल्यावर ओळख नसलेल्या माणसालाही सांगितलं. एवढं ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

त्या शेवटच्या खेपेला बाई निघाल्या तो दिवस गोपाळरावांना आठवतो. ऑटो उभा होता, पिशव्या चढल्या होत्या. कामिनीला किल्ल्या देऊन बाई त्यांच्या टेबलापाशी आल्या.

"कामिनी तिखट जास्त टाकते. जास्त झालं तं सांगा तिले."

"सांगतो."

"तुम्ही कायले सांगता! ताक मागून घेत जा."

"बरं."