व्हॅनची चावी माझ्यापाशी हे

बायांनो, पोराच्या व्हॅनमधला अँप्लिफायर आज बंद पडला. "आई, उद्या चतुर्थी हे. गाणे न्हाई वाजले तर राजूरच्या गणपतीला जाणारे पॅसेंजर बसत न्हाईत," म्हणून डोकं खाऊन राह्यला.

मंग करंट कुठवर येतो ते मीच बल्ब लावून पाह्यलं. बॅटरीपाशी पेटला, अँप्लिफायरपाशी न्हाई. सीट उचलली तर वायर जळून तुटलेली, अन् फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद! बाजूलाच स्वयंपाकाच्या गॅसची टाकी. गाडी तिच्यावरच चालती.

"फ्यूज सारखा उडत होता," म्हणतो. अरे, मंग का उडतो ते पाह्यचं कोणी?

नवी वायर, बराबर फ्यूज टाकला. गाणं वाजलं. म्हणलं, आता टाकी काढ. "पेट्रोल तुझा बाप देईल का?" मलाच म्हणतो.

चावी कमरेला खोचली. पोरगा जेवला न्हाई. घर त्याच व्हॅनवर चालतं.

सांगा, सकाळी चावी देऊ का?